काजूचा फराळ

मराठीतल्या गोड शब्दांची यादी करायला बसलं तर 'सुकामेवा' हा शब्द वरच्या पाचांत सहज येईल. नुसता उच्चारला तरी दिवाळीचा वास येतो. पण या गोड शब्दाइतका गोंधळी शब्दही दुसरा नसेल. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, मनुका, बेदाणे, खारका, जर्दाळू, चारोळी अशी सारी मंडळी आपण या एका छत्रीखाली आणून बसवली आहेत. यांतल्या काही बिया, काही वाळवलेली फळं. एकमेकांशी नातंगोतं म्हणाल तर फारसं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या दोन अनोळखी गृहस्थांचं असावं तेवढंच. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात 'कवचफळ' असा एक काटेकोर शब्द आहे खरा. पण 'पावशेर कवचफळं बांधून द्या' असं वाण्याला सांगणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे.

शब्दांचे हे घोटाळे इथेच संपत नाहीत. शेंगदाण्याला आपण दाणा म्हणतो, भुईमूग म्हणतो. इंग्रज त्याच्या नावात 'नट' घालतो. मूळचा तो वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला. जायफळाला आपण फळ म्हणतो, तीही एक बी. नारळ, सुपारी, बिबा या साऱ्यांच्या इंग्रजी नावांना 'नट' चिकटलेलं आहे, आणि मराठी माणसाच्या मनात त्यांचे खण अगदी निराळे: एक स्वयंपाकघरातला, एक पानाच्या डब्यातला आणि एक आजीबाईच्या बटव्यातला.

गेली वीस वर्षं मी मुलांना शब्दाच्या तीन शक्ती शिकवतो आहे: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाला एक चौथीही शक्ती असते, अपाय करण्याची. ती मला एका कुत्रीने शिकवली.

काजू ही आमची कुत्री. जातीने अस्सल गावठी. सोसायटीच्या फाटकाशी जन्मली आणि चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या मुलीच्या दप्तरात बसून तिसऱ्या मजल्यावर आली. रंग थेट भाजलेल्या काजूगराचा, म्हणून नाव काजू. वजन बारा किलो. घरात आम्ही चौघं असलो तरी तिने मालकीण म्हणून निवडलं ते माझ्या आत्याला.

आत्या वेंगुर्ल्याची. वय ७८. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिने जन्मभर एकच काम मन लावून केलं: माणसांना जेवायला घातलं. आता आमच्या घरातली भूकच आटली आहे. सौभाग्यवती वजनाच्या काट्याला भिते, मुलगी परीक्षेला भिते आणि मी डॉक्टरांना. 'आणखी एक घे रे' याला शेपूट हलवून होकार देणारं घरात एकच तोंड उरलं आहे. दुपारी आत्या खिडकीपाशी खुर्ची टाकून दाणे सोलत बसते आणि काजू तिच्या पायाशी. चार दाणे भांड्यात पडले की एक काजूच्या जिभेवर. दोघीही बोलत नाहीत. बोलायचं असतं ते त्या दाण्यातूनच बोललं जातं. त्यामुळे 'आत्या, कुत्रीला काही घालू नकोस' हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. तो हात अडवणं म्हणजे आत्याला तिच्या शेवटच्या नोकरीतून काढून टाकणं.

गेल्या दिवाळीत मात्र बोलण्याची वेळ आली. समोरच्या इमारतीत एक भलंमोठं लॅब्रॅडॉर जातीचं कुत्रं आहे. स्वभावाने गाय. त्या घरच्या भाच्याने ऑस्ट्रेलियाहून मॅकाडेमिया नावाच्या बियांचा डबा आणला होता. बोराएवढ्या, गोल, लोण्यासारख्या मऊ आणि महाग. मंडळी रांगोळी पाहायला खाली उतरली, तेवढ्यात त्या गायीने डबा चाटूनपुसून स्वच्छ केला. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री कुत्रं उठायला गेलं तो मागचे पाय उचलेनात. ओढत ओढत दोन पावलं टाकली आणि बसलं. अंगाला कंप, ओकाऱ्या, कान तापलेले. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू झाला, शेजाऱ्यांना वाटलं साप चावला. पहाटेपर्यंत त्या घरातले दिवे जळत होते, आणि ते रोषणाईचे नव्हते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, 'काय खाल्लं?' डबा दाखवताच त्यांचा चेहरा निवळला. मॅकाडेमियाने कुत्र्याचं असंच होतं. खाल्ल्यापासून बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडतात, तोल जातो, ताप चढतो, थरथर सुटते. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच ग्रॅम एवढ्याने हे घडल्याची नोंद आहे. काही कुत्र्यांना त्याहूनही कमी पुरतं. म्हणजे आमच्या काजूला तीस ग्रॅम, अर्धी वाटीसुद्धा नाही. सुदैवाची गोष्ट अशी की हे दुखणं बहुधा एक-दोन दिवसांत आपणहून ओसरतं. लॅब्रॅडॉरही पाडव्याला चारी पायांवर उभं राहिलं. आणि मोठी नवलाची गोष्ट ही की त्याच बिया माणूस मजेत खातो, त्याला काही होत नाही. नेमकं कोणतं द्रव्य कुत्र्याचे पाय बांधतं हे अजून शास्त्रज्ञांच्या हाती लागलेलं नाही.

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं. १८५७ साली फर्डिनंड फॉन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं ते आपल्या मित्राचं, जॉन मॅकॅडम याचं. हा मॅकॅडम स्कॉटलंडहून मेलबर्नला गेलेला रसायनशास्त्राचा अध्यापक. १८६५ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो वारला. आपलं नाव घेऊन एक बी जगभर फिरेल आणि कुत्र्यांच्या डॉक्टरांच्या तोंडी रोज येईल, हे त्या बिचाऱ्या अध्यापकाच्या स्वप्नातही आलं नसेल. आम्हा अध्यापकांना कीर्ती मिळते ती अशी आडवाटेने!

लॅब्रॅडॉरच्या त्या रात्रीनंतर मी काजूच्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हटलं, 'मला यादी द्या. काय चालतं, काय चालत नाही.' डॉक्टर हसले. म्हणाले, 'यादी पाठ करू नका. पदार्थ समोर आला की चार प्रश्न विचारा. यात विष आहे का? हे अडकेल का? हे पचेल का? आणि हे नासलेलं नाही ना?' परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण इतकी आटोपशीर प्रश्नपत्रिका मी एकदाही काढलेली नाही.

पहिला प्रश्न विषाचा. मॅकाडेमिया त्यात पहिला आलाच. त्याच्या मागोमाग कडू बदाम. गोड बदामात विष नाही. पण कडू बदाम चावला की त्यातल्या अमिग्डॅलिन नावाच्या द्रव्यापासून सायनाइड तयार होतं, आणि ते माणसालाही सोडत नाही. मग जायफळ. श्रीखंडात चिमूटभर घातलेल्या जायफळाने कुत्र्याचं बिघडत नाही. अख्खं जायफळ चघळलं तर मात्र मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य त्याच्या डोक्यात आणि काळजात धुमाकूळ घालतं. आणि मग सुपारी. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर विड्याच्या पानावर बसवलेला सुपारीचा गणपती आणि खाली शेपूट हलवणारं कुत्रं, हे चित्र पुष्कळांच्या घरी दिसेल. सुपारीत अरेकोलिन असतं. कुत्र्याला त्याने लाळ सुटते, ओकाऱ्या आणि जुलाब होतात, नाडी मंदावते. हाच गुण हेरून पूर्वी पशुवैद्य कुत्र्याच्या पोटातले पट्टकृमी बाहेर काढण्यासाठी अरेकोलिन मोजून मापून देत असत. न्यूझीलंडात तर त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. पुढे अधिक सौम्य औषधं आली आणि ते मागे पडलं. पशुवैद्यालाही जे मापाने द्यावं लागे, ते आपण पाटावर मोकळं ठेवू नये हे बरं.

पण या प्रश्नाचं सर्वांत जिव्हारी लागणारं उत्तर आहे ते मनुकांचं. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखादं कुत्रं मूठभर खाऊन उड्या मारत राहतं आणि दुसरं थोडक्यात आजारी पडतं. म्हणून 'इतक्या चालतील' असा आकडा कुणी जाणता डॉक्टर देत नाही. बरीच वर्षं यामागचं कारण सापडत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि त्याचं प्रमाण फळागणिक बदलतं. ते आणखी कशात असतं म्हणाल तर चिंचेत! म्हणजे नाशिकची द्राक्षं, तासगावचा बेदाणा आणि आपल्या आमटीतला चिंचेचा कोळ, तिन्ही एकाच आरोपाखाली उभे. 'सुकामेवा' या शब्दाचा अपाय तो हाच. कवचातल्या बियांबद्दल आपण सावध झालो, तरी शब्दाच्या पदराआड लपून मनुका कुत्र्याच्या वाटीत शिरतेच.

दुसरा प्रश्न अडकण्याचा. माणसाचा जबडा जात्यासारखा आडवाही फिरतो; म्हणून आपण दळून खातो. कुत्र्याचा जबडा कात्रीसारखा, वरखाली. ते तोडतं आणि गिळतं. त्यामुळे अख्खा बदाम त्याच्या पोटात अख्खाच उतरतो. मोठ्या कुत्र्याच्या पोटातून तो तसाच पुढे जाईल. लहान कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडकेल. अक्रोडाची, पिस्त्याची टरफलं तर धारदार. नारळाच्या खोबऱ्याचा छोटा तुकडा चालतो, पण शेंडीचा पुंजका आतड्यात दोरासारखा बसतो. खाल्लेलं वारंवार ओकून पडणं, पोट दुखणं, शौचाला न होणं ही त्याची लक्षणं, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं.

तिसरा प्रश्न पचण्याचा. सुकामेवा म्हणजे तेलाच्या गोळ्या. काजू, अक्रोड, पिस्ते यांत निम्म्याच्या आसपास चरबी. एवढी चरबी एकदम पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मग कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंच करून उभं राहतं. घरच्यांना वाटतं आळोखेपिळोखे देतंय. खरं म्हणजे त्याच्या पोटात कळा येत असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ती कथा मला अजूनही गहिवर आणते. पण आजच्या पशुवैद्याने ती ऐकली तर तो नामदेवांच्या मागे धावेल, आणि हात जोडून म्हणेल, 'महाराज, कोरडीच राहू द्या!' तेलाशिवाय मीठही आहे. खारे काजू, खारे पिस्ते, मसाल्याचे दाणे कुत्र्यासाठी नाहीतच. साधे भाजलेले, बिनमिठाचे, सोललेले चार शेंगदाणे किंवा एखादा काजू धडधाकट कुत्र्याला चालतो. पण दिवसाच्या आहारातला दहावा हिस्सा खाऊचा, बाकी जेवणाचा, हा हिशेब सुटता कामा नये.

या तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी एक तळटीप जोडली. दाण्याचं लोणी, म्हणजे बाटलीत मिळणारं पीनट बटर, कुत्र्यांना अतिशय आवडतं. पण काही बाटल्यांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ घातलेला असतो. माणसाच्या रक्तात त्याने गडबड होत नाही. कुत्र्याचं शरीर मात्र त्याला साखर समजून भसाभस इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर तासाभरात कोसळते आणि कुत्रं धडपडतं, झटके येतात. किलोमागे ग्रॅमचा दहावा भाग एवढंही त्याला पुरतं. मात्रा वाढली तर यकृतही जातं. बिनसाखरेच्या च्युइंगममध्येही हेच असतं. तेव्हा बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचावं.

एवढं ज्ञान घेऊन मी घरी आलो तर आत्याने पाडव्यासाठी काजूची वेगळी वाटी काढून ठेवलेली! बेदाणे, मनुका, भिजवून सोललेले बदाम. 'तिचाही सण आहे रे,' ती म्हणाली. मी खुर्ची ओढून बसलो आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागलो. मूत्रपिंड म्हटलं, टार्टरिक आम्ल म्हटलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

'मनुका थंड असतात,' ती म्हणाली. 'तापातून उठलेल्याला देतात. तान्ह्याच्या आईला देतात. कुत्र्याला कशा बाधतील? ती तर उकिरड्यावरचंही पचवतात.'

आम्ल, मूत्रपिंड, २०२१ साल, सारं निष्प्रभ. मी जरा थांबलो. मग एकदम मला वेंगुर्लं आठवलं. म्हटलं, 'आत्या, तुमच्या अंगणात काजूच्या बिया भाजायचे तेव्हा कुत्री जवळ यायची?'

'छे!' आत्याचे डोळे चमकले. 'धुरानेच पळायची. तो चीक काय साधा असतो? अंगावर उडाला की कातडं निघतं. आम्ही हाताला राख फासून बिया फोडायचो. बिब्ब्याची बहीणच ती.'

आत्याला वनस्पतिशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण ती बोलली ते अक्षरशः खरं. काजू, बिबा आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातलं तेल इतकं जहाल की कच्ची बी कुत्र्याने फोडली तर त्याचं तोंड भाजून निघावं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड आपल्या किनाऱ्यावर आणलं, आणि कोकणातल्या बायकांनी त्याच्या विषाशी आणि गोडीशी एकाच वेळी संसार मांडला.

'आणि बिबा सगळ्यांनाच उततो?' मी विचारलं.

'सगळ्यांना कुठे? आमच्या ह्यांना झाडाखालून गेलं तरी अंगभर फोड. आणि तुझे वडील, तो बिबा हातात घेऊन खेळायचे. ज्याला उततो त्याला उततो.'

'बस्स,' मी म्हटलं. 'मनुका कुत्र्यांना उततात.'

आत्या गप्प झाली. मग तिने वाटी उचलली. बदाम आणि मनुका माझ्यापुढे सारल्या, दोन मनुका स्वतःच्या तोंडात टाकल्या आणि पायाशी बसलेल्या काजूला म्हणाली, 'तुला उततं गं बाई. तुझ्यासाठी दुसरं काही करू.' एका क्रियापदाने ते काम केलं, जे एका व्याख्यानाने झालं नव्हतं. माणसाला कळतं ते त्याच्या बोलीतून, हे मी मुलांना कितीदा सांगितलं असेल! त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांपुढे घडलं.

उरला चौथा प्रश्न, नासलेल्याचा. तो आत्यानेच काढला. डब्याच्या तळाशी राहिलेले खवट दाणे, डाग पडलेले अक्रोड निवडता निवडता ती म्हणाली, 'हे तर आपल्यालाही नकोत. टाकून द्यायचे म्हणजे जिवावर येतं. खाली फाटकापाशी कुत्र्यांना घालते.' हा विचार एकट्या आत्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शिळं, आंबलेलं, बुरसलेलं अन्न 'कुत्र्याला घाल' या दोन शब्दांनी मार्गी लागतं. दान केल्याचं पुण्यही मिळतं आणि डबाही रिकामा होतो.

या बुरशीची हकीकत मोठी आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोगाचं नाव सापडेना, म्हणून त्याला 'टर्कीचा अज्ञात रोग' असं म्हणू लागले. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी येऊन थांबला. त्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढली होती. पहिल्या शब्दातला 'अ', दुसऱ्यातला 'फ्ला' आणि विषाचं 'टॉक्सिन' असा समास करून त्या विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. हे विष यकृतावर बसतं, आणि भाजल्याने, शिजवल्याने पुरतं जात नाही. शेंगदाणे, मका, पिस्ते, बदाम, ओल लागली की कुणावरही ही बुरशी येते. कुत्र्याचं यकृत या विषापुढे फारच दुबळं. अक्रोडाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या बुरशीतलं विष मेंदूवर जातं आणि कुत्रं पानासारखं थरथरायला लागतं.

मग मी आत्याला १९७४ सालची गोष्ट सांगितली. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा, या भागातली आदिवासी खेडी. अवेळी पाऊस झाला, मका कणसातच भिजला, त्याला बुरशी आली. घरात दुसरं धान्य नव्हतं. लोकांनी तोच मका दळला, त्याच्याच भाकऱ्या खाल्ल्या. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. चारशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि त्यांतली १०६ दगावली. तपासाला गेलेल्या डॉक्टरांना त्या घरांतली कुत्रीही त्याच दुखण्याने मेलेली आढळली. कावीळ तीच, पोटातलं पाणीही तेच.

आत्या बराच वेळ हातातल्या डागाळलेल्या अक्रोडाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, 'त्यांनी कुत्र्याला वेगळं वाईट नव्हतं रे घातलं. आपल्या ताटातलंच दिलं होतं.'

मी पुस्तकं वाचून हे सांगत होतो. त्या गोष्टीचा गाभा आत्याने एका वाक्यात काढून माझ्या हातावर ठेवला. नाइलाजाने जे पोटात गेलं, त्याला कोण काय म्हणणार? पण आमच्या डब्याच्या तळाचे दाणे नाइलाजाचे नव्हते. आत्याने ते कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकले.

त्यानंतर मला जाणवलं की कुत्र्याला धोका दोन बाजूंनी असतो, आणि दोन्ही बाजूंना आपणच उभे असतो. एक बाजू लाडाची. आपल्याला जे उत्तम वाटतं ते त्याला द्यायचं, मग ते बेदाणे असोत की ऑस्ट्रेलियाहून आलेला डबा. दुसरी बाजू हेळसांडीची. आपल्याला जे नको ते त्याला द्यायचं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. देताना आपण आपल्याच जिभेचा विचार करतो, त्याच्या पोटाचा नाही. माणसामाणसांतही याहून निराळं काय चालतं? आईबाप मुलांवर आपल्या आवडी लादतात त्यालाही माया म्हणतात, आणि नको झालेली जबाबदारी दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतात त्याला उदारपणा म्हणतात. मुलं निदान पुढे कधीतरी बोलून दाखवतात. कुत्रं बोलत नाही. ते दिलेलं खातं, आणि देणाऱ्याकडे पाहून शेपूट हलवतं.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रं आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. फराळाचे आणि सुक्यामेव्याचे डबे टेबलाच्या कडेला नसावेत; आणि पाहुण्यांच्या मुलांना आल्या आल्या सांगावं की कुत्र्याला खाऊ आम्हीच देऊ. तरीही एखादवेळी त्याने काही गिळलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. त्या मिठानेच कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. वाट पाहत बसू नये. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे कागदावर लिहावं, उरलेला डबा किंवा वेष्टन हातात घ्यावं आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जावं. पहिल्या दोन तासांत पोहोचलं तर पोटातलं बाहेर काढणं डॉक्टरांना बहुधा जमतं. मनुकांच्या बाबतीत तर कुत्रं हसतंखेळतं दिसलं तरी जावं, कारण मूत्रपिंडाचं दुखणं चेहऱ्यावर उशिरा दिसतं.

आत्याची नोकरी सुटली नाही, उलट तिला बढती मिळाली. आता ती आमच्या घरची अन्ननिरीक्षक आहे. कुणी पिस्ता घेऊन खाली वाकलं की खुर्चीतून आवाज येतो, 'थांब! तिला उततं.' मॅकाडेमियाचा उच्चार तिला जमत नाही. ती त्यांना 'मकदमी दाणे' म्हणते आणि ते विलायतेतले कुणी बिब्ब्याचे भाऊबंद आहेत असं तिचं ठाम मत आहे. मी ते दुरुस्त करत नाही. दुपारचे शेंगदाणे चालूच आहेत, पण मोजून चार, नवे, निवडलेले, बिनमिठाचे. पाडव्याला काजूच्या वाटीत गेला तो मऊ भात, उकडलेलं गाजर आणि भोपळ्याच्या दोन फोडी. तिने वाटी घासून घ्यायची गरज ठेवली नाही.

आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी पंचबळी काढतात. त्यात गाय असते, कावळा असतो, मुंगी असते आणि कुत्राही असतो. घरातलं कुणी जेवायच्या आधी त्यांचे घास पानावर वेगळे काढले जातात. लहानपणी मला वाटे, हा नुसता विधी. आता वाटतं, त्यात दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. कुत्र्याचा घास उष्ट्याचा नसतो, आणि उरल्यासुरल्याचा नसतो. तो ताज्या शिजलेल्या अन्नाचा असतो, आपल्या आधी काढलेला आणि त्याच्या नावाने काढलेला.